करगोट्याचं घुंगरू

“पोरीच्या कमरेला घुंगरू बांध, मा. पाणी काही हाक मारून नेत नाही.”

जोरिना आमच्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून हे बोलली. आत माझा नवरा संपत, तिनं विकायला आणलेला नथीचा तुटका आकडा कसोटीवर घासून बघत होता. तनू, माझी दोन वर्षांची पोरगी, दाराची कडी खुळखुळवत उभी होती. जोरिनानं हात लांबवून तिच्या गालाला बोट लावलं आणि तेच बोट स्वतःच्या ओठांना टेकवलं.

“माझी पोरगी सदा माझ्या नजरेसमोर असते,” मी म्हणाले. माझं बंगाली तेव्हा मोडकंतोडकं होतं, पण तोरा दाखवण्यापुरतं यायचं.

“डोळ्याला झोप येते. कान जागा असतो.” तिनं पदराची गाठ सोडून एक पितळी घुंगरू काढलं, बोराच्या बीएवढं. “घे. पैसे नकोत.”

ती लवकर उठावी म्हणून मी ते घेतलं. ती गेल्यावर तनूला मोरीत नेऊन तिचा गाल साबणानं धुतला. संपतनं ते बघितलंच.

“आगं, बोट लावलंय तिनं, बिब्बा न्हाई.”

“कुठल्या कुठल्या गाळात हात घालून येतात त्या. जंतू असतात.”

“आन् घुंगराचं?”

“त्याचं काय! ठेवते.”

घुंगरू मी मोहरीच्या डब्यात टाकून दिलं. त्यात काही मंतरलेलं असेल अशी भीती मला वाटली होती. पण बी.ए. झालेल्या बाईला तसं बोलता येत नाही, म्हणून जंतूंचं नाव घेतलं.

आम्ही मूळचे विट्याकडचे. आमच्याकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनारांकडची मोड आणायची, भट्टीत वितळवायची, शुद्ध करून द्यायची. संपतच्या चुलत्यानं कधीकाळी थेट बंगालच्या खालच्या टोकाला, मणिपोता नावाच्या ग्रामपंचायतीच्या बाजारात आपली मूस मांडली होती. तो थकल्यावर आम्ही गेलो. ग्रामपंचायत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक चावडी, एक पार असं यायचं. तिथं तसं नव्हतं. नदीच्या बांधालगत कोळ्यांची वस्ती, कालव्यापलीकडे मुसलमानांची, त्यांच्यात घरोघरी शिलाईची यंत्रं. पूर्वेला मुंडा लोक, ज्यांच्या पणज्यांना जंगल तोडायला आणि बांध घालायला कुणीतरी लांबून आणलं होतं. मध्ये शेतकऱ्यांचे पाडे. आणि बाजारात सगळेच, त्यात आम्ही एकटे मराठी. थंडीत बेदे यायचे; जोरिना त्यांच्यातलीच, बेदेनी. हे भटके लोक बांधावर प्लॅस्टिकच्या पालांत राहत. बायका बांगड्या विकत, दुखऱ्या पाठीला तुंबडी लावत, आणि कुणाचा दागिना तळ्यात पडला असेल तर बुडी मारून शोधून देत. कुठल्याच पाड्यात ते मोजले जात नसत. मत नाही, म्हणून मेंबर नाही.

तळी मात्र दारोदार. सखल भाग, पुराचा. म्हणून घर बांधताना आधी माती खणून जोतं उंच करायचं. ज्या मातीवर घर उभं, तिचाच खड्डा दारात पाणी होऊन बसलेला. त्यातच मासे, त्यातच भांडी, त्यातच अंघोळ. चालायला लागलेल्या प्रत्येक मुलाच्या करगोट्यात म्हणूनच घुंगरू. सकाळी पाड्यातून गेलं की शेळ्यांचा कळप फिरतोय असं वाटायचं. मला हसू यायचं.

आमच्या घराच्या मागं तळं, तळ्याच्या त्या काठाला शेफाली काकीचं घर. काकी पंचायतीची मेंबर. आवाज असा की तिनं तिच्या ओट्यावरून विचारलेल्या प्रश्नाला कालव्यापलीकडून उत्तर यायचं. मला ती ‘बौमा’ म्हणायची, म्हणजे सूनबाई. तिचा मुलगा निमाई केरळात गवंडीकामाला. सून झुमा माझ्याच वयाची. लग्नामुळं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलेलं. माझी पुस्तकं ती हातात घेऊन नुसती उलटून बघायची. मराठी अक्षरांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “दिदी, हे सगळं तुला कळतं?”

झुमाचा मुलगा बुबाई तनूपेक्षा थोडा लहान. गोल, गोरटेला, सतत ओठांतून लाळ आणि कमरेतून छुमछुम.

थंडी सुरू झाली तेव्हा त्याच्या कमरेला करगोट्याखाली लाल पुरळ उठलं. झुमानं मला दाखवलं.

“हे काढ आधी,” मी म्हणाले. “धातू घासतो, घाम मुरतो. जखम चिघळेल.”

“सासूबाई ओरडतील.”

“मी सांगते त्यांना.”

काकीला सांगितलं, तर तिनं तोंडातलं पान गालात सरकवून माझ्याकडं बघितलं. “निमाईला पाच वर्षांचा होईपर्यंत होतं. त्याच्या बापालाही होतं.”

“तेव्हा डॉक्टर कुठं होते, काकी? गुरांच्या गळ्यात बांधतात तसं बांधायचं लेकराला?”

“जनावर हरवलं तर बाजारात नवीन मिळतं गो,” ती म्हणाली. पण पुरळ तिलाही दिसत होतं. “बरं. सुकेपर्यंत.”

मी मलम दिलं. पुरळ सुकलं. झुमा घुंगरू घेऊन माझ्याकडं आली. तळहातावर धरून उभी.

“दिदी, आता बांधू परत?”

मी तेव्हा तनूचे केस विंचरत होते. हातातला कंगवा न थांबवता म्हणाले, “कशाला? आपण दोघी आहोत ना लक्ष ठेवायला.”

तिला ते आवडलं. आपण दोघी. तिनं घुंगरू कनवटीला लावलं आणि माझ्याजवळ बसली.

पौष संक्रांतीचा आदला दिवस होता. तिकडं त्या दिवशी घरोघरी पिठे करतात, तांदळाच्या पिठाचे, खजुराच्या गुळाचं सारण भरून. मी तिळगूळ घेऊन काकीकडं गेले होते. त्या बदल्यात पिठे शिकायचे ठरलं होतं. अंगणात चूल मांडलेली. शेजारपाजारच्या बायका जमलेल्या. मी केलेला प्रत्येक पिठा तव्यावर फाटत होता आणि काकीला नुसता ऊत आला होता.

“बघा गो, मराठ्यांचा पिठा! पोटात गूळ नाही, तोंडात गूळ!”

“काकी, आमच्याकडं पुरणपोळी असते. ती तुम्ही करून दाखवा, मग बोला.”

“करीन की! तुझ्या नवऱ्याच्या भट्टीवर करीन.”

सकाळी जोरिना पाड्यातून आरोळी देत गेली होती. ‘हरवलेलं काढून देते, बुडालेलं काढून देते.’ तनूकडं बघून ती थांबली, हसली आणि तिच्या कमरेकडं बघून हसायची थांबली. मला ते टोचलं होतं. मग मी पिठ्यांत गुंतले.

तनू आणि बुबाई गवताच्या गंजीपाशी खेळत होती. मी दर थोड्या वेळानं मान वळवून बघत होते. एकदा बघितलं, दोघं होती. पुन्हा बघितलं, बुबाई एकटा.

“तनू?”

गंजीमागं नाही. गोठ्यात नाही. तळ्याच्या कडेनं धावत मी आमच्या घरी आले, हाका मारल्या, खाटेखाली वाकून बघितलं. नाही. परत धावताना तळ्याकडं बघितलं. हिरवं पाणी, एक तरंग नाही. पाणी शांत आहे हे बघून मला चक्क बरं वाटलं.

आणि मग मला तो गालावरचा हात आठवला.

“बेदेनीनं नेली!” मी किंचाळले. “माझी तनू बेदेनीनं नेली! तिचा डोळा होता तिच्यावर!”

त्या महिन्यात मुलं पळवणाऱ्यांच्या गोष्टी गावोगाव फिरतच होत्या. वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि अंगणातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. काकीनं तवा उतरवला नाही, पदर खोचला आणि तिच्या त्या आवाजात बाजाराला हाक दिली. दुकानांतून माणसं निघाली. संपत भट्टीवरून उठून आला.

“मी घर बघतो पयलं,” तो म्हणाला.

“बघितलंय मी घर!”

झुमा माझ्याबरोबर पळायला निघाली. बुबाई तिच्या कडेवर होता. तिनं त्याला ओट्याच्या पायरीवर बसवलं, हातात कोमट पिठा दिला. “बस हां, सोना. आई आलीच.” मी मागं वळून बघितलं. एवढ्या गडबडीतही मला तो दिसला. दोन्ही हातांत पिठा धरून बसलेला, शर्ट वर गेलेला, कमर उघडी. करगोटा नुसताच.

मग आम्ही सगळे पळालो. त्या पाड्यात त्या वेळी मागं कोण राहिलं होतं, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. बौमाची पोर हरवली होती, परमुलखातून आलेल्या बौमाची, आणि सगळा पाडा तिच्यासाठी धावत होता. पळताना, खरं सांगते, मला त्या लोकांविषयी भरून येत होतं.

बांधावर पाच-सहा पालं होती. माणसांनी ती उपसली. कुणीतरी बांगड्यांची टोपली लाथेनं उडवली. एका म्हाताऱ्याला दोघांनी धरून विचारायच्या आधीच मारलं. जोरिना भात शिजवत होती. काकीनं तिचे केस हातावर गुंडाळले. मी तिचं गाठोडं ओढून सोडलं. एक लुगडं, काचेच्या बाटल्या, मुळ्या, गाळ उकरायचा लोखंडी पंजा. मी तिचं मनगट धरलं.

“कुठंय माझी पोरगी?”

तिनं केस सोडवायचा प्रयत्नही केला नाही. “दिसेनाशी झाली?”

“तूच नेलीस!”

“तळ्यात बघितलंत?”

“विषय बदलू नकोस!” काकीनं हिसडा दिला.

“उतरून बघितलंत का पाण्यात?” ती माझ्याकडंच बघत होती. “मा, उतरून?”

“पाणी शांत आहे,” मी म्हणाले.

“पाणी शांतच असतं. सोडा मला, मी बघते. मला सोडा, एवढ्या माणसांनी धरू नका, मी पळत नाही. आधी पाणी बघू द्या.”

“पळायचं निमित्त शोधतेय!” कुणीतरी ओरडलं. कुणीतरी तिच्या थोबाडीत दिली. आम्ही तिला सोडलं नाही. मी माझ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

मग बांधाच्या त्या टोकाला संपत दिसला. खांद्यावर तनू. अंगाला अजून माझ्या आईनं शिवलेली गोधडी गुंडाळलेली, डोळे झोपेनं सुजलेले.

“तांदळाच्या पिंपामागं झोपलीती!” तो लांबूनच ओरडत होता. “गोधडी पांघरून! सोडा त्यास्नी, सोडा!”

मी जोरिनाचं मनगट सोडलं. त्यावर माझी नखं उमटली होती. तनूला मी ओढूनच घेतलं, घट्ट, आणि रडले. बायकाही रडल्या, मग हसल्या. माणसं पालांच्या काठ्या उचलून उगाच उभ्या करू लागली. म्हाताऱ्याला कुणी बिडी दिली. काकीनं पदर सारखा केला आणि जोरिनाला म्हणाली, “मनात ठेवू नकोस गो. पोटच्या पोराची गोष्ट.”

जोरिनानं तिच्याकडं बघितलं नाही. ती तनूच्या कमरेकडं बघत होती.

“घुंगरू कुठंय, मा?”

मी तनूचा फ्रॉक खाली ओढला.

परतताना सगळे मजेत होते. ताण उतरला की माणसं बोलकी होतात. काकी धापा टाकत म्हणाली, “बौमा, तुझ्या पोरीनं आज मेंबरला बांधापर्यंत पळवलं. मतं मागतानाही एवढी पळाले नव्हते मी!” झुमा तनूचं पाऊल धरून चालत होती, तळव्याला गुदगुल्या करत होती. “दुष्टू मुलगी. आज हिला एकही पिठा नाही. सगळे बुबाईला.”

अंगणात आलो. तव्यावरचा पिठा जळून कोळसा झाला होता. पायरी रिकामी होती.

“बुबाई?” झुमा हसतच होती. “तूही लपलास का रे?”

काकी घरात गेली. बायका गंजीमागं गेल्या. झुमा हाका मारत गोठ्याकडं गेली. तिच्या हाकेतलं हसू हळूहळू कमी होत गेलं, पण पूर्ण जाईना. ते तसंच अडकून राहिलं होतं. ती घाटाच्या पायऱ्यांकडं वळली आणि थांबली. शेवटच्या कोरड्या पायरीवर अर्धा खाल्लेला पिठा होता.

माणसांनी उड्या टाकल्या. तळं खोल, खाली गाळ; आठ-दहा पाय एकदम उतरले आणि पाणी चहासारखं गढूळ झालं. कुणाला काही सापडेना. “बेदेनीला बोलवा,” कुणीतरी म्हणालं. एवढी माणसं होती, पण एकही जण जागचा हलला नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

शेफाली काकी गेली. एवढी जाडजूड बाई, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, त्याच वाटेनं पुन्हा पळत गेली. तिची हाक मला ऐकू आली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नसावा.

परत येताना जोरिना तिच्या आधी तळ्याशी पोचली. कुणाला काही विचारलं नाही. केस अजून तसेच विस्कटलेले होते. पदर कमरेला बांधून ती पाण्यात गेली. दोनदा रिकामी वर आली. मग आली ती त्याला घेऊन.

तिकडं पाण्यातून काढलेल्या मुलाला डोक्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोटातलं पाणी पडावं म्हणून. निमाईच्या चुलत्यानं बुबाईला डोक्यावर घेतलं आणि फिरू लागला. कॉलेजात मी एन.सी.सी.ला होते. शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, मूल बुडालं तर सपाट निजवायचं, तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची. बाहुलीवर माझ्याकडून करून घेतलं होतं. सगळं मला आठवत होतं. ‘खाली ठेवा त्याला’ हे शब्द बंगालीतसुद्धा मला येत होते.

पण त्यासाठी तनूला खाली ठेवावं लागलं असतं.

घाट ओला होता. भोवती माणसांचे पाय होते. पाणी दोन हातांवर होतं. मी तनूला खाली ठेवलं नाही. उलट आणखी आवळून धरलं. बुबाईचे पाय माझ्या डोळ्यांसमोरून फिरत गेले, पुन्हा फिरत आले, आणि तनू माझ्या कानाशी म्हणाली, “आई, दुखतंय. सोड ना.”

मी सोडलं नाही.

त्यानं काही उपयोग झाला नसता, फार वेळ गेला होता, असं संपत नंतर म्हणायचा. असेल.

निमाई केरळातून येईपर्यंत पाड्यात एक गोष्ट तयार झाली होती. बेदेनीची हाय लागली. तिला मारलं, तिनं मनात धरलं आणि तळ्याला सांगितलं. तिला बरोबर जागा सापडली ती उगाच नाही. काकीच्या अंगणात माणसं जमली. बेद्यांना पुन्हा बांधावर उतरू देऊ नये, पंचायतीनं तसं ठरवावं, म्हणत होती. काकी खांबाला टेकून बसली होती. पान बंद झालं होतं. चेहरा रिकामा दिसायचा.

“मी तिचे केस ओढले होते,” ती म्हणाली. “ती ‘पाण्यात बघा’ म्हणत होती. मी ऐकलं होतं.”

“काकी, तू दुःखात आहेस,” एक जण म्हणाला. “त्या बाईनं मराठी वहिनीच्या पोरीलाही मंतरलेलं काहीतरी दिलं होतं. विचारा त्यांना. त्या शिकलेल्या आहेत, त्या खोटं नाही बोलणार.”

सगळे माझ्याकडं बघू लागले. काकीही. तिच्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी मागणं होतं. “तू सांग, बौमा. तिनं काय केलं ते सांग.”

सांगायला किती होतं. तिनं घुंगरू दिलं ते कशासाठी, ते मी डब्यात का टाकलं. बुबाईचं कुणी काढायला लावलं. ‘नेली’ म्हणून कोण ओरडलं. पाण्यात बघू द्या म्हणत असताना तिचं मनगट कोणी धरून ठेवलं. निमाई समोर बसला होता, केस भादरलेला. कोपऱ्यात झुमा होती.

“घुंगरू दिलं होतं,” मी म्हणाले.

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माणसांनी माना हलवल्या. काकीनं डोळे मिटले. बेदे तर आदल्या रात्रीच पालं गुंडाळून गेले होते. पुढच्या थंडीत ते आले, तेव्हा त्यांना बांधावरून हाकलून दिलं, असं नंतर कुणीतरी संपतला फोनवर सांगितलं.

कारण तोवर आम्ही निघून आलो होतो. मीच हट्ट धरला. आवराआवर चालू असताना झुमा आली. ती त्या दिवसापासून माझ्याकडं आली नव्हती आणि मीही तिकडं गेले नव्हते. मधे फक्त तळं होतं. तिनं तनूला मांडीवर घेतलं. फ्रॉक वर केला. कनवटीतून बुबाईचं घुंगरू काढून तनूच्या करगोट्यात ओवलं, गाठ दातांनी आवळली.

“झुमा…” मी म्हणाले.

“दिदी, तू एकटी आहेस आता,” ती म्हणाली. “एकटीनं लक्ष राहत नाही.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर तो किती शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

आता आम्ही विट्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. तळं नाही, विहीर नाही. तनू शाळेत जाते. तेच घुंगरू आता माझ्या धाकट्याच्या करगोट्यात आहे आणि सोसायटीतल्या बायका हसतात. “काय हो शैलजाताई, शिकल्यासवरल्या तुम्ही, आणि हे काय बकरीसारखं?” मी म्हणते, असू दे.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर गॅसची नळी पेटली. बायकांची एकच किंकाळी उठली आणि सगळे जिने उतरून धावले, हातातलं टाकून, दारं सताड उघडी ठेवून. मी नाही धावले. धाकट्याला काखेत घेतलं आणि त्या उघड्या दारांतून एकेका घरात शिरले. एका घरात दूध उतू जात होतं. एका घरात म्हातारे आजोबा काय झालं, काय झालं, विचारत बसले होते. चौथ्या घरात न्हाणीत पाण्यानं भरलेली बादली होती आणि तिच्या कडेला धरून, चवड्यांवर उभं राहून, एक वर्षाची पोर आत वाकून बघत होती. मी तिला उचलून आणलं आणि जिन्यात बसून राहिले. आग विझल्यावर सगळ्या वर आल्या. मी मदतीला आले नाही हे त्यांनी मला ऐकवलं; अजूनही ऐकवतात. माणूसघाणी म्हणतात. त्या पोरीच्या आईला मी बादलीचं सांगितलं नाही. नुसती पोर हातात दिली.

तुमच्याकडंही कधीतरी अशी हाक उठेल. कुणाचं तरी काहीतरी हरवेल, जळेल, पडेल. चांगली माणसं तिकडं धावतील, आणि धावावंच त्यांनी. पण तुम्ही, हे वाचणारे तुम्ही एकटे, जरा मागं राहाल का? त्या धावलेल्या माणसांच्या घरात जाऊन बघाल, पायरीवर कुणी बसलंय का?